शंभराची थप्पी आणि काळ्या खडकाचा कैदी

‘धाडसी मुलांचे आणि मर्दांचे मासिक’ असं ज्याच्या कपाळावरच छापलेलं असायचं, ते ‘वाघनख’ आमच्या वाडीत मोठ्यानं वाचून कोण दाखवायचं, तर मी. दोन वेण्या, आखूड झालेला फ्रॉक, गुडघ्यावर कायमची खपली आणि मांडीवर उघडलेलं मर्दांचं मासिक. मुखपृष्ठावर दर महिन्याला कुणीतरी कुणाच्या तरी छातीवर पाय देऊन उभा असे. कागद इतका हलका, की मागच्या पानावरचा खलनायक पुढच्या पानावरच्या नायकाच्या पोटातून डोकावायचा. पण त्या कागदाचा वास अजून माझ्या नाकात आहे. शाई, डिंक आणि आमच्या मांडवातला ओल्या गोणपाटाचा वास, तिन्ही एकत्र. आता घरात मोठमोठी बांधणीची पुस्तकं आहेत, पण त्यांना कसलाच वास येत नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, तुझं नाक गेलं.’ नाक शाबूत आहे, म्हटलं, तुमची पुस्तकंच अळणी आहेत.

आमची पानवेलीची वाडी माहीमच्या कडेला, शिरगावच्या वाटेवर. पहाटे रहाट सुरू झाला की त्याच्या करकर आवाजानंच आम्हा भावंडांना जाग यायची, आणि रहाट थांबला की मागून समुद्राची गाज ऐकू यायची. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पानं खुडली जायची. ती मांडवात ओल्या गोणपाटावर ओतली, की भोवती सातआठ माणसं गोल करून बसायची. डागाचं पान बाजूला, लहान बाजूला, आणि चांगली पानं देठाला देठ लावून एकावर एक. पाचपाच पानं उचलायची, वीस वेळा. झाली शंभराची थप्पी. थप्प्या केळीची पानं अंथरलेल्या करंडीत भरायच्या, करंडी शिवायची, आणि बैलगाडी पालघर स्टेशनाकडे. तिथून आमची पानं रतलामच्या आडत्याकडे जात. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रतलाम कधी पाहिलं नव्हतं; पण तिथं आपल्या नावाला वजन आहे याचा त्यांना फार अभिमान. म्हणायचे, “पान खराब निघालं तर तो वेलाचा दोष. मोजणी खोटी निघाली तर तो माझा.” आमची थप्पी रतलामला कुणी उलटून मोजत नसे, आणि ही गोष्ट आप्पा नव्या माणसाला ओळख होण्याआधीच सांगत.

हे मोजणं मनातल्या मनात चाले. ओठ तेवढे हलायचे. सातआठ माणसं ओठ हलवत गप्प बसलेली बघून पाहुण्याला वाटावं, इथं कसला तरी जप चाललाय. तासन्‌तास असं बसायचं म्हणजे माणूस कंटाळणार नाही तर काय! म्हणून माझा मोठा भाऊ, वसंतदादा, त्यांना वाचून दाखवू लागला. सगळ्यांचे हात ओले, त्यांना कागद धरता येत नाही, आणि निम्म्यांना अक्षर येत नाही. दादाचा आवाज असा, की तलवारीची खणाखण तो तोंडानं करायचा. पुढे घिवलीकडे विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं, तिथं दादाला स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि तो बोईसरला एका साताऱ्याच्या फिटरबरोबर खोली करून राहू लागला. रविवारी घरी यायचा तो ‘अरे छोडो यार’ असलं कारखान्यावरचं हिंदी तोंडात घेऊन. आईला वाटे, पोराला तिकडे काहीतरी लागलंय.

दादा गेला आणि मांडव मुका झाला. तेव्हा मी म्हटलं, मी वाचते. आप्पा म्हणाले, “तू कशाला? मर्दांचं मासिक हाय ते.” मांडवातला सगळ्यांत जुना माणूस गोमाकाका. तरुणपणी दर्यावर, मचव्यावर होता, पाठ गेल्यावर आमच्याकडे पानं लावायला आला. तो मान वर न करता म्हणाला, “मग आमी ऐकतो ना, मर्द. वाचणारीला मिशा कशाला पायजेत?” काशीबाय, आमच्या सगळ्यांत चलाख हाताची बाई, म्हणाली, “मला पन मिशा नाय, मी काय कान झाकून बसू?” सगळा मांडव हसला आणि आप्पा काही न बोलता वाडीत निघून गेले. आप्पा गप्प राहिले म्हणजे हो, हे आम्हाला पाठ होतं.

वाचायचे नियम दादानं घालून दिले होते. एक, कुणाची थप्पी शंभराला टेकत असेल तर तो हात वर करील, तेवढं थांबायचं. दुसरा नियम मोठा कठीण. वाचणाऱ्यानं आधी वाचायचं नाही. “आधी वाचलंस की आवाज खोटा होतो,” दादा म्हणे. “तुला भीती वाटली तरच त्यांना वाटंल.” मी हा नियम पाळला म्हणजे किती पाळला, माझं मलाच नवल वाटतं. दुपारी आई मांडवात तांदळाच्या भाकऱ्या आणि कैरी घातलेलं कोलंबीचं आंबट पाठवायची. जेवताना गोष्टीवर चर्चा व्हायची आणि तिथं लेखकाची कुणी गय करत नसे. एकदा नायकानं नारळाच्या झाडावरून उडी मारून घोड्यावर बैठक मारली. गोमाकाका भाकरी मोडत म्हणाला, “लेखकाला म्हनावं, एकदा माडावर चढ. मग उडीचं बोलू.”

त्या उन्हाळ्यात ‘काळ्या खडकाचा कैदी’ ही क्रमशः गोष्ट अगदी शेवटाला आली होती. रायाजी नावाचा तरुण नाखवा, आणि त्याचं गाव लुटणारा, डोंगरापलीकडून फौज घेऊन आलेला करालसिंह. शेवटच्या आधीच्या अंकात करालसिंहानं रायाजीला पुनवेच्या संध्याकाळी काळ्या खडकाच्या पायथ्याशी खांबाला जखडलं आणि हसून म्हणाला, ‘दोन घटकांत समुद्र तुझ्या गळ्याशी येईल!’ आणि तिथंच, पुढील अंकी समाप्त. मी वाचून थांबले. काशीबायच्या हातात पाच पानं तशीच. मग गोमाकाका खाकरला.

“पुनवेला सांजचं पानी चढतं? दुपारी भरती झाली की सांजला सुकती. त्या लेखकानं दर्या बगितला नाय.”

“जाऊ दे हो, काका,” मी चिडून म्हणाले. मला रायाजीची काळजी, आणि याला पाण्याची. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

त्याच दिवसांत माझं दुसरं एक प्रकरण चालू होतं. माझी सातवी संपली होती. आमच्या आळीतली एकही मुलगी त्याच्या पुढे पालघरच्या हायस्कुलात गेली नव्हती. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की रात्री देवाला नमस्कार करताना मी रायाजीची सुटका आणि माझी शाळा दोन्ही एका दमात मागायची. आई म्हणे, बघू. आप्पा म्हणत, “सातवी म्हंजे पुष्कळ झालं. मोटारीनं रोज जायचं, यायचं, आनि करायचं काय?” दादा माझ्या बाजूनं होता, पण तो रविवारपुरता.

शेवटचा अंक दादानं रविवारी आणला. मुखपृष्ठावर लाटा आणि खांब. मंगळवारपर्यंत थांबायचं होतं. सोमवारी दुपारपर्यंत माझे हात शिवशिवायला लागले. उशीखाली ठेवला, काढला. फडताळावर ठेवला, स्टूल घेऊन काढला. शेवटी मंगळवारी सकाळी मी स्वतःपासूनच तो लपवला. मांडवात करंड्या केळीची पानं अंथरून तयार होत्या, त्यांतल्या सगळ्यांत मागच्या करंडीत, पानाखाली सारला आणि वर पान नीट केलं. म्हटलं, आता वाचायला बसेन तेव्हाच काढीन. तेवढ्यात शाळेतून निरोप आला, निकाल लागलाय. मी तशीच धावले. शाळेत पहिली आले होते. गुरुजींनी डोक्यावर हात ठेवला, हातात साखरेचे चार दाणे दिले, आणि मी सगळ्या ओळखीच्या ओट्यांवर सांगत सांगत दुपार ढळल्यावर घरी पोचले. आप्पा गाडी जोडून देऊन हात धूत होते. मी म्हटलं, “आप्पा, पहिली आले!” त्यांचा चेहरा उजळला, खोटं कशाला सांगू. पण म्हणाले, “वा! मग शेवट गोड झाला.” शेवट! मी मांडवात गेले. मांडव झाडून लख्ख. एकही करंडी नाही.

गाडी कधीच केळव्याच्या फाट्यापुढे गेली असणार. रायाजी खांबाला बांधलेलाच रतलामला निघाला होता. मी गोणपाटावर बसून रडले, आणि कशासाठी रडत होते ते आजही नीट सांगता येणार नाही.

शुक्रवारी काय करायचं? सांगितलं असतं तर काही जीव गेला नसता. पण आप्पांना कळलं असतं, की कार्टीनं मालाच्या करंडीत मासिक कोंबलं. माल म्हणजे आप्पांचा देव. असल्या बेफिकीर मुलीला पालघरला कोण पाठवील? आणि इकडे गोमाकाका सकाळपासून तीनदा विचारून गेला, “शालू गो, आज सुटनार ना तो?” मी ‘वाघनख’चा एक जुना अंक घेतला, मुखपृष्ठ मागे दुमडलं, आणि बसले. पहिलं वाक्य जुन्यासारखंच म्हटलं, ‘करालसिंहाचे विकट हास्य दाही दिशांत घुमले.’ पुढे काय? समोर गोमाकाका ओठ हलवत होता, आणि मला त्याचं ते पाण्याचं वाक्य आठवलं.

मग मी म्हणाले, ‘परंतु रायाजी हसला.’ का हसला? करालसिंह डोंगरापलीकडचा. त्याला कुणीतरी सांगितलेलं, की पुनवेला समुद्राला उधाण येतं. पण किती वाजता येतं, ते त्यानं विचारलंच नाही! तो मेजवानीला निघून गेला, आणि इकडे पाणी चढण्याऐवजी उतरायला लागलं. कमरेवरून मांडीला, मांडीवरून घोट्याला. “आता बग!” गोमाकाका ओरडला. त्यानं हात वर केला नव्हता, तरी मी थांबले. पाणी उतरलं, पण दोर कसा सुटणार? माझी नजर काशीबायच्या पायांवर गेली. ती सुकतीला खडकांवर कालवं फोडायला जायची, तिची पावलं कायम कापलेली. झालं! पाणी गेल्यावर खांबाच्या बुडाला कालवं उघडी पडली, सुरीसारखी. रायाजी खाली घसरला, आणि त्यानं दोर कालवांवर घासायला सुरुवात केली. मनगटं रक्तबंबाळ. एक पेड तुटला. दुसरा तुटला. काशीबाय म्हणाली, “कालवाचीच धार ती, सोडंल होय!” तिकडे करालसिंहाची गलबतं चिखलात रुतून आडवी पडलेली, एकही हलेना. रायाजी ओल्या वाळूवरून चालत गेला आणि मध्यरात्री, खरी भरती आली तेव्हा, सगळं गाव होड्या घेऊन त्याच्यामागे. मी ‘समाप्त’ म्हटलं तेव्हा माझ्या फ्रॉकची पाठ घामानं भिजली होती. गोमाकाकानं ओल्या हातांनीच डोळे पुसले. “सुदारला हो लेखक,” तो म्हणाला. “माजं आयकलं त्यानं.”

रविवारी दादा आला. गोमाकाका त्याला फाटकातच गाठून सांगायला लागला, कालवं काय, सुकती काय. दादानं तर तो अंक बोईसरलाच वाचलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीला पाणी घालायला लागले, आणि इतकं घातलं की माती वाहून गेली. जेवण झाल्यावर तो हळूच म्हणाला, “काय गो, तुझा अंक कुठल्या छापखान्यातला?” मी सगळं सांगितलं. तो हसून हसून लोळला. पण शेवटी म्हणाला, “आप्पांना तूच सांग. मी सांगणार नाय.” मी सांगितलं नाही. उद्या, परवा करत दिवस काढले. भित्री होतेच मी, रायाजी नव्हते.

आणि मग एका सकाळी पोस्टमन आला. एक पुडकं आणि एक कार्ड, दोन्ही रतलामहून. आप्पांना हिंदी येत असे ते स्टेशनवरच्या हमालांपुरतं, म्हणून कार्ड नेहमी मीच वाचून मराठीत सांगायची. मांडवात माणसं पानं लावायला बसतच होती. आप्पा म्हणाले, “वाच.” मी आधी डोळ्यांनी वाचलं. आडत्यानं लिहिलं होतं, की मंगळवारच्या करंडीत एक किताब निघाली, ती परत पाठवत आहोत. पुढे लिहिलं होतं, की शुक्रवारच्या मालात थप्प्यांची गिनती गडबड आहे. गिऱ्हाइकानं बोंब मारली म्हणून मोजल्या, तर कुठं त्र्याण्णव, कुठं एकशे आठ, एक तर एकशे बारा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही.

आता पाहा, मला दुसरी ओळ गिळता आली असती. ‘माल उत्तम, कळावे’ असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? नुकतीच अख्खी गोष्ट रचून पचवली होती. एका ओळीची काय कथा! पण समोर आप्पा उभे होते, कान देऊन, माझ्यावर पुरा विश्वास टाकून. त्यांच्या मोजणीची गोष्ट होती ती, आणि तिथं मला खोटं वाचवेना. मी अक्षर न् अक्षर वाचलं. एकशे बारासुद्धा.

आप्पा कधी आरडाओरडा करत नसत. ते नुसते खाली बसले. “शुक्रवारी कोन कोन होतं?” त्यांनी विचारलं. सगळेच होते. मग गोमाकाका म्हणाला, “माजीच चुकी. डोले गेलेत माजे.” “सगल्या थप्प्या तू एकट्यानं लावल्यास?” आप्पा म्हणाले. काकानं मान खाली घातली. मला ते बघवेना. मी म्हटलं, “आप्पा, चूक माझी हाय.” आणि करंडीपासून कालवांपर्यंत सगळं एका श्वासात सांगून टाकलं. गोमाकाका तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. “म्हंजे… ते छापलेलं नवतं?”

आप्पांनी पुडकं फोडलं. “खरं काय हाय ते वाच.” मी वाचलं. खऱ्या गोष्टीत पाणी रायाजीच्या हनुवटीला लागलं, आणि तेवढ्यात एक जहाज आलं. त्याच्या कप्तानानं दुर्बीण लावली, रायाजीला सोडवलं, आणि तो कप्तान रायाजीचा लहानपणी हरवलेला काका निघाला. समाप्त. “हा काका आतापरेंत कुटं झोपला होता?” काशीबाय म्हणाली. कुणी हसलं नाही, कारण आप्पा हसले नव्हते.

ते उठले, हात धुतले, आणि मांडवात माणसांच्या गोलात येऊन बसले. पुढ्यात पानं ओढली. म्हणाले, “आता तुझी सांग. बगू, माझी मोजनी कशी चुकते ती.” वीस वर्षांत आप्पांची थप्पी चुकली नव्हती. मी सांगायला लागले. आप्पांची बोटं सरासर चालत होती, पाच, पाच, पाच, ओठ बारीक हलत होते. रायाजी हसला, आप्पांनी पान उचललं. पाणी उतरलं, आप्पांनी पान उचललं. मग कालवं आली, दोराचा एक पेड तुटला, आणि मी चोरून पाहिलं, तर त्यांचे ओठ थांबले होते. बोटं मात्र आपली पानं उचलतच होती, पाच की सहा ते न बघता. मी कसलीही कसर ठेवली नाही. करालसिंहाची गलबतं चिखलात अशी रुतवली, की बाहेर निघायची आशाच नको.

समाप्त म्हटल्यावर आप्पांनी थप्पी गोमाकाकासमोर सरकवली. “मोज.” काका मोठ्यानं मोजू लागला. सगळे वाकून बघत होते. नव्वद. पंच्याण्णव. शंभर. आणि त्याच्या हातात अजून पानं होती. त्यानं ती एकेक करून गोणपाटावर ठेवली. “आनि सहा,” तो म्हणाला, जणू गुन्हा त्याचाच.

आप्पा त्या सहा पानांकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज आला. मला वाटलं ठसका. ते हसत होते. पंचा तोंडाला लावून, खांदे हलवत हसत होते. काशीबायकडे त्यांनी चुना-कात मागितला, त्या जादा पानांतल्या दोन पानांचा विडा केला, आणि आमच्या घरात मुलींना पान खायची सक्त मनाई असताना तो माझ्या हातावर ठेवला.

“वसंता आला की सांग त्याला,” ते म्हणाले. “शाला सुरू व्हायच्या आत पालघरला जाऊन हिचं नाव घालून यायचं. मंगलवारी नि शुक्रवारी ही हितं मांडवात बसली, तर रतलामात तोंड दाखवायला जागा राहायची नाय मला. शालेतच बरी ही.”

“आनि आमी?” गोमाकाका घाबरून म्हणाला. “गोष्ट कोन सांगनार?”

“रविवारी सांगंल. त्या दिवशी हातात पानं नसतात,” आप्पा म्हणाले आणि उठता उठता हळूच पुढे बोलले, “मी पन येन.”

मी तो विडा तोंडात कोंबला, आणि लाल झालेली जीभ काढून दाखवत सगळ्या आळीतून फिरून आले.